चिठ्ठीवरचे दोन मिली

"लेकरू उठंना झालंय बघा, डॉक्टर."

आज्जींनी बाळाला तपासणीच्या टेबलावर ठेवलं, टोपडं मागे सारलं आणि तळपायाला टिचकी मारून दाखवली. बाळाने पाय आखडून घेतला, ओठ वाकडे केले आणि पुन्हा झोपून गेलं. वय 13 दिवस. जन्माचं वजन 2.8 किलो, आजचं 2.7. दोन दिवसांपासून चार-पाच घोट घेतं आणि तोंडातलं दूध तसंच ठेवून डोळे मिटतं, असं आई सांगत होती. ताप नव्हता. टाळू भरलेली नव्हती. हातपाय मात्र सैल पडले होते. उचललेला हात सोडला की गादीवर तसाच पडायचा.

तीनच दिवसांपूर्वी हे बाळ आमच्याच एनआयसीयूतून, म्हणजे नवजातांच्या अतिदक्षता विभागातून, घरी गेलं होतं.

गाव गगनबावड्याच्या बाजूचं, कोल्हापूरपासून बरंच लांब. जूनचे शेवटचे दिवस. कळा लांबल्या, बाळ जन्मताच रडलं नाही. 108 मधून आमच्याकडे पोचलं तेव्हा जन्मून 9 तास झाले होते. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या बाळाचं अंग तीन दिवस थंड ठेवण्याचा उपचार असतो, पण तो पहिल्या 6 तासांत सुरू व्हावा लागतो. ती वेळ रस्त्यातच गेली. बाराव्या तासाला पहिली आकडी आली. फिनोबार्बिटोन दर किलोला 20 मिलिग्रॅम शिरेतून दिलं, आकडी थांबली नाही. मग आणखी 10, आणि पुन्हा 10. तेव्हा कुठे थांबली. पुढे रोज दर किलोला 5 मिलिग्रॅम.

औषध जुनं आहे, शंभर वर्षांपूर्वीचं, आणि नवं काही का वापरलं नाही असं नातेवाईक हल्ली मोबाईल पुढे करून विचारतात. लेवेटिरासिटाम हे नवं औषध आणि फिनोबार्बिटोन यांची नवजात बाळांमध्ये समोरासमोर तुलना 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या 24 तासांत आकड्या पूर्ण थांबलेली बाळं फिनोबार्बिटोनच्या गटात 80 टक्के होती, लेवेटिरासिटामच्या गटात 28. त्यामुळे म्हाताऱ्याची जागा अजून कुणी घेतलेली नाही.

सहाव्या दिवशी आणखी एक छोटी आकडी आली. दहाव्या दिवशी घरी पाठवताना मी औषध चालू ठेवलं. आता खरं ते सांगतो. जन्मावेळच्या कारणाने आलेल्या आकड्या थांबल्या की औषध घरी जाण्याआधीच बंद करावं, अशी इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीची 2023 ची शिफारस आहे. ती मला माहीत होती. पण घर इतकं लांब, समोर अख्खा पावसाळा, आणि सहाव्या दिवसाची ती आकडी डोळ्यांसमोर. सिरप चालू ठेवलं: 5 मिलीत 20 मिलिग्रॅम, पावणेदोन मिली सकाळी, पावणेदोन मिली रात्री. दिवसाला 14 मिलिग्रॅम. हिशोब बरोबर होता.

गुटीवर आळ

गुंगलेल्या नवजात बाळासमोर आधी जंतुसंसर्ग, साखर आणि कावीळ या तीन गोष्टी बघायच्या असतात. साखर 78. रक्तातल्या पेशी आणि सीआरपी (जंतुसंसर्गात वाढणारं रक्तातलं प्रथिन) ठीक. बिलिरुबिन 9, या वयाला बिचकण्यासारखं नाही. मग मी विचारलं, घरी आणखी काय देताय?

आई आज्जींकडे बघू लागली. आज्जी म्हणाल्या, "गुटी देतोय की. सगळ्यांनाच देतोय आम्ही."

सहाणेवर आईच्या दुधात हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, अतिविष, जायफळ असं एकेक उगाळायचं, प्रत्येकाचे ठरलेले वेढे, आणि ते चाटण बाळाला द्यायचं. कोल्हापुरात बाळगुटी माहीत नाही असं घर मी पाहिलेलं नाही. जायफळाचे किती वेढे, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"एकच. रडायला लागलं तर दोन."

झालं, मला उत्तर सापडलं. जायफळाने गुंगी येते ही काही अफवा नाही. त्यातल्या मिरिस्टिसिनसारख्या तैलद्रव्यांचा परिणाम मोठ्या माणसांतही दिसतो. मी आज्जींना पाच मिनिटं सुनावलं. सून मान खाली घालून ऐकत होती आणि मला वाटलं, आज घरी गेल्यावर ह्याचे पडसाद तिच्यावरच उमटणार. बाळाला भरती केलं, गुटी बंद, नळीने दूध. फिनोबार्बिटोनही थांबवलं आणि पातळी तपासायला रक्त पाठवलं. तो नमुना बाहेर जातो, रिपोर्टला दोन दिवस लागतात.

रिपोर्ट आला: 54 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. हवी असते 15 ते 40.

जायफळाचा वाटा शून्य होता असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण 54 ही पातळी एवढ्याशा बाळाला झोपवायला एकटी पुरेशी आहे. आज्जींना वेढे विचारणाऱ्या मला त्यांनी उलट मिली विचारायला हवे होते.

भरलेली टाकी, चिंचोळी मोरी

40 मिलिग्रॅम प्रति किलो सुरुवातीलाच दिल्यावर रक्तातली पातळी 40 च्या थोडी वर जाते. तिथून पुढे रोज 5 मिलिग्रॅमची धार चालू. टाकी भरलेली, वरून नळ सुरू, आणि पाणी जायला मोरी किती मोठी? सगळा प्रश्न त्या मोरीचा.

फिनोबार्बिटोनचा साधारण चौथा हिस्सा लघवीतून जसाच्या तसा जातो. बाकीच्याचं बरंचसं काम यकृतातल्या एका विकराकडे (एन्झाइमकडे) आहे, त्याचं नाव सीवायपी 2सी9. गर्भात पहिल्या तिमाहीत हा विकर जवळजवळ नसतोच, दिवस भरता भरता प्रौढाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत येतो, आणि जन्मानंतर पहिले पाच महिने एका बाळात एक तर दुसऱ्यात भलतंच, असा त्याचा कारभार असतो. रक्तातलं औषध निम्म्यावर यायला जो वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. नवजात बाळांवरच्या 1978 च्या मोजमापात फिनोबार्बिटोनचं अर्धायुष्य पहिल्या आठवड्याअखेर सरासरी 115 तास होतं, चार आठवड्यांनी 67 तास. ही सरासरी. आमच्या बाळाच्या यकृतालाही प्राणवायूची झळ बसली होती. यकृताला इजा झाली की वाढणारं एसजीपीटी तिसऱ्या दिवशी 210 होतं. त्याची मोरी सरासरीपेक्षाही चिंचोळी. माझ्या अंदाजाने त्याचं अर्धायुष्य 200 तासांच्या घरात असावं, म्हणजे आठ दिवसांहून जास्त. पातळी तेरा दिवसांत 42 वरून 54 वर चढायला तेवढं पुरतं.

यकृतातली औषधं मोडणारी सगळी यंत्रणा जन्माच्या वेळी एकदम सुरू होते असं वाटत असेल तर तसं नाही. त्यात काही मंडळी गर्भातच राबत असतात. सीवायपी 3ए7 हा खास गर्भातला विकर. जन्मानंतर तो हळूहळू निवृत्त होतो आणि त्याच्या जागी सीवायपी 3ए4 येतो, जो पुढे आयुष्यभर कितीतरी औषधांचं ओझं वाहतो. पण हस्तांतर व्हायला काही महिने लागतात. सीवायपी 2डी6 आणि 2ई1 नाळ कापल्यावर तासा-दिवसांत जागे होऊ लागतात. सीवायपी 1ए2 सगळ्यात आळशी, त्याला पहिले एक ते तीन महिने सवडच नसते. म्हणून कमी दिवसांच्या बाळाला श्वास विसरू नये यासाठी दिलेलं कॅफीन त्याच्या अंगात निम्मं व्हायला शंभर तास घेतं, आणि आपल्या चहातलं चार-पाच तासांत निम्मं होतं. सोमवारी सकाळचा चहा शुक्रवारपर्यंत उतरला नाही तर कसं वाटेल, तेच.

ह्या सगळ्यात घराघरात दिसणारी एकच गोष्ट, ती म्हणजे कावीळ. बिलिरुबिनला विरघळण्याजोगं रूप देणारा यूजीटी 1ए1 हा विकर पूर्ण दिवसांच्या बाळातही जन्मताना प्रौढाच्या सुमारे 1 टक्काच असतो, आणि प्रौढाइतका व्हायला 14 आठवडे घेतो. तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसतं, आपण निळ्या दिव्याखाली ठेवतो, घरचे घाबरतात. यकृताचं हे उशिरा सुरू होणं कावीळीत डोळ्यांनी दिसतं, औषधांच्या बाबतीत दिसत नाही. 1959 मध्ये लॉस एंजेलिसमधल्या डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक दिलेली कमी दिवसांची बाळं करडी पडून दगावतात हे दाखवून दिलं, तेव्हा वैद्यकाला हे पहिल्यांदा इतक्या कडवटपणे कळलं. तिथेही अडचण अशाच एका अपुऱ्या विकराची होती. डोस किलोवर बसवलेला, आणि त्यात अंकगणिताची एकही चूक नव्हती.

रिपोर्ट हातात आला तेव्हा औषध थांबवून दोन दिवस झालेच होते. बाळ डोळे उघडून बघू लागलं होतं. वजन 2.75. दर किलोला 3 मिलिग्रॅम धरून रोज रात्री 8 मिलिग्रॅम, म्हणजे बरोब्बर 2 मिली, असं ठरवलं. चमच्यात घोळ होतो म्हणून आईला सुई काढलेली सिरिंज दिली आणि 2 च्या खुणेवर निळ्या पेनाने रेघ ओढून दिली. विसाव्या दिवशी पातळी 29, बाळ रडून पीत होतं. चिठ्ठीवर मी लिहिलं: 'सिरप रोज रात्री 2 मिली, चालू ठेवा. पाचव्या आठवड्याला दाखवणे.'

त्या चिठ्ठीत काय चुकलं ते मला तेव्हा दिसलं नाही. पातळी खाली आली होती, बाळ जागं झालं होतं, आणि मी सुटलो होतो.

पाचवा आठवडा

पाचवा आठवडा जुलैच्या अखेरीस पडला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी ओलांडली होती, मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी होतं आणि गगनबावड्याची वाहतूक बंद. असं जवळपास दरवर्षी होतं, त्यात कुणाला नवल नाही. बाळाच्या वडिलांचा फोन आला. मी ओपीडीत होतो, बाहेर पाच-सहा पोरं रडत होती.

"सर, येता येईना झालंय. औषध संपत आलंय, इथल्या मेडिकलात मिळतंय. तेवढंच देऊ का?"

"बाळ कसं आहे?"

"झकास आहे. हसतंय आता."

"मग आणा, तेवढंच चालू ठेवा."

ते वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणतो. वजन किती झालं, हे विचारलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी, नवव्या आठवड्यात, रात्री अकराला बाळ परत आलं. उजवा हात आणि पाय झटके देत होते, डोळे एका बाजूला. गाडीत बसल्यापासून ही तिसरी आकडी, आधीच्या दोन आपोआप थांबल्या होत्या. मिडाझोलाम दिल्यावर थांबली. साखर 92, कॅल्शियम ठीक. या वयात आकडी आली की कॅल्शियम बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये, आईच्या अंगातच ड जीवनसत्त्व नसतं अशी उदाहरणं भरपूर आहेत. ताप नाही. वजन 4.3 किलो. गुबगुबीत, गालावर खळी पडणारं बाळ. दोन महिन्यांत नेमकं जे व्हायला हवं तेच झालं होतं.

"औषध एक दिवस चुकवलं नाही ओ," आई म्हणाली आणि पिशवीतून सिरिंज काढून दाखवली. निळी रेघ पुसट झाली होती म्हणून तिने तिच्यावर नेलपॉलिशने नवी ओढली होती. बरोबर 2 वर.

मी तिथेच चिठ्ठीच्या मागे हिशोब मांडला. 8 मिलिग्रॅम भागिले 4.3. दर किलोला 1.9. म्हणजे एक थेंबही न चुकवता डोस एक तृतीयांशाहून जास्त घटला होता. हे अर्धंच. उरलेलं अर्धं यकृताकडे.

नऊ आठवड्यांच्या बाळात सीवायपी 2सी9 वाढीला लागलेला असतो. शिवाय यकृतच शरीराच्या मानाने मोठं: नवजाताच्या वजनाचे 4 टक्क्यांच्या आसपास, मोठ्या माणसाच्या 2 टक्के. त्यात फिनोबार्बिटोनचा स्वतःचा एक गुण आहे, ते ज्या यकृतात जातं तिथले विकर वाढवतं. यूजीटी 1ए1 सुद्धा, म्हणूनच एके काळी ते काविळीसाठी दिलं जायचं आणि क्रिग्लर-नज्जार या जन्मजात काविळीच्या आजाराच्या सौम्य प्रकारात आजही देतात. आपल्याला मोडणाऱ्या कामगारांची भरती हे औषध स्वतःच करून देतं. परिणाम असा, की मोठ्या माणसात ज्याचं अर्धायुष्य चार दिवसांच्या आसपास असतं ते औषध दोन-तीन महिन्यांचं बाळ त्याच्या निम्म्या वेळात निम्मं करतं. पहिल्या आठवड्यात मोठ्यांच्या मागे, तिसऱ्या महिन्यात मोठ्यांच्या पुढे. 'लहान मूल म्हणजे छोटा माणूस नव्हे' हे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. मूलसुद्धा महिन्याभरापूर्वीचं मूल राहत नाही, हे सांगायचं राहून जातं.

अर्धायुष्य 55 तास धरलं तर 1.9 मिलिग्रॅमच्या डोसवर पातळी सातच्या आसपास यायला हवी. रिपोर्टची वाट बघायला वेळ नव्हता. त्या आकड्यावर विसंबून दर किलोला 10, म्हणजे 43 मिलिग्रॅम, शिरेतून हळूहळू दिलं, त्याआधी पातळीसाठी रक्त काढून ठेवलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला: 7. इतकं तंतोतंत जुळणं हा निव्वळ योगायोग, चार किंवा अकरा आलं असतं तरी उपचार तोच राहिला असता.

लेवेटिरासिटामवर जायचं का, असा विचार झाला. ते बहुतांशी मूत्रपिंडातून जातं, यकृताची भानगड कमी. एरवी मी कदाचित गेलोही असतो. पण ह्या बाळाच्या आकड्या फिनोबार्बिटोनने थांबतात हे आधी सिद्ध झालं होतं, आणि औषध निकामी ठरलंच नव्हतं, ते फक्त पोचत नव्हतं. इइजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखात, डाव्या बाजूला तीक्ष्ण लहरी होत्या, हिप्सअरिद्मिया (अर्भकांच्या गंभीर अपस्मारात दिसणारा विस्कळीत आलेख) नव्हता. डोस दिवसाला 20 मिलिग्रॅम केला, अडीच मिली सकाळी, अडीच रात्री.

सकाळी राऊंडला आज्जी खाटेशी बसल्या होत्या. मी त्यांना सरळ सांगितलं, की तेव्हा बाळ गुंगलं होतं ते मुख्यतः आमच्या औषधाने, आणि आता आकडी आली ती ते औषध कमी पडल्याने. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वाढीवलं न्हाई व्हय तुम्ही?" त्या म्हणाल्या. "आम्ही गुटीचं वेढं वाढवत नेतोय की, जसं जसं पोर वाढंल तसं."

मी काय बोलणार. गुटीतल्या प्रत्येक मुळीच्या गुणावर माझं त्यांच्याशी भांडण आहे आणि ते राहील. जायफळ आणि वेखंड ह्या बाळाला अजिबात नको, हेही मी त्यांना पुन्हा बजावलं. पण वेढे वयावर चढत जातात हे सहाणेला ठाऊक होतं आणि माझ्या चिठ्ठीला नव्हतं. शेजारच्या खाटेवरची बाई फस्सकन हसली. सून यावेळी मान वर करून बघत होती.

त्या आठवड्यात आम्ही घरी जाण्याच्या चिठ्ठीचा नमुना बदलला. 'चालू ठेवा' ह्या दोन शब्दांपुढे आता तारीख असते, तीही जास्तीत जास्त तीन आठवड्यांची, आणि तिच्याखाली डोस ठरवताना धरलेलं वजन. पूर आला तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताईंकडून वजन करून फक्त तो आकडा फोनवर कळवा, असं लिहितो. हे काही मोठं विज्ञान नाही. आमच्या एका निवासी डॉक्टरने त्यात पातळी तपासण्याचा रकानाही घातला होता. मी तो काढला, कारण प्रत्येक तपासणीचे पैसे घरच्यांच्या खिशातून जातात आणि वजनावर बहुतेक वेळा भागतं. यावर आमच्यात अजून एकमत नाही. पहिल्या पंधरा दिवसांत, विशेषतः सुरुवातीला मोठे डोस दिलेल्या आणि यकृताला झळ बसलेल्या बाळात, एक पातळी पाहावीच हे त्याचं म्हणणं मला ह्या प्रकरणानंतर मान्य करावं लागतं. तसं पाहिलं असतं तर दहाव्या दिवशी बाळ घरी जातानाच डोस उतरला असता आणि आज्जींनी माझी बोलणी खाल्ली नसती.

दोन आठवड्यांनी पातळी 18 होती. आकडी परत आली नाही. चौथ्या महिन्यात इइजी सुधारला, तेव्हा औषध आम्ही महिनाभरात टप्प्याटप्प्याने उतरवून बंद केलं. यकृत आता इतकं चपळ होतं की एकदम सोडणं मला धोक्याचं वाटलं. आता बाळ सात महिन्यांचं आहे, आधार दिला की बसतं. उजवी मूठ अजून वळलेली राहते, खुळखुळा नेहमी डाव्या हाताने घेतं. फिजिओथेरपीसाठी आई दर पंधरा दिवसांनी एसटीने येते, आणि येताना वजनाचं कार्ड पिशवीत सगळ्यात वर ठेवते.